यंत्राचे वाचन : जुन्या मोटारसायकलीतील आद्यनमुन्याच्या खुणा



इतिहास म्हटला की ताम्रपट, शिलालेख आणि मोडी दप्तरे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. लोखंडाचे जुने यंत्र हेही इतिहासाचे साधन आहे, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. आज मी अशाच एका साधनाविषयी, जुन्या मोटारसायकलीविषयी, बोलणार आहे. प्रश्न एकच घेतो : समोरची गाडी कारखान्याने विक्रीसाठी काढलेल्या हजारोंपैकी एक आहे, की उत्पादनापूर्वी चाचणीसाठी घडविलेला आद्यनमुना आहे, हे कसे ओळखावे?

बेळगावकरांना हा प्रश्न परका वाटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच गावात सायकलींचे दुकान चालविले आणि १९०३ मध्ये येथेच पहिला लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत शेतकऱ्यांत असल्यामुळे तो खपविण्यास फार कष्ट पडले. १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीस गेला. उद्या कोणी गंजलेला नांगर आणून 'हा बेळगावातल्या पहिल्या खेपेचा' असे म्हणाला, तर आपण कशाच्या आधारे मान डोलवावी? शेजारच्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' या छोट्या मोटारीचे नमुने एकामागून एक घडविले. परंतु तिचे उत्पादन कधीच सुरू झाले नाही. तेथे तर नमुना हाच सारा इतिहास होय.

आता अशी कल्पना करा की, निपाणीच्या एखाद्या तंबाखूच्या वखारीत पोत्यांआड एक जुनी जावा सापडली आहे आणि 'ही म्हैसूरच्या कारखान्याची अगदी पहिली, नमुन्याची गाडी' असे तिचे मालक अभिमानाने सांगत आहेत. आपण काय पाहावे?

प्रथम पाहावे ते क्रमांक. सांगाड्यावरचा व इंजिनावरचा क्रमांक ठशाने उठविलेला असतो. नमुन्याच्या गाडीस पुष्कळदा नेहमीच्या मालिकेबाहेरचा क्रमांक असतो, किंवा मुळीच नसतो. परंतु आकडे वाकडेतिकडे आहेत एवढ्यावरून निर्णय करू नये. जुन्या कारखान्यांत नेहमीच्या गाड्यांवरही हातानेच ठसे मारीत, आणि क्रमांक घासून नवा उठविण्याची लबाडीही काही नवी नाही. म्हणून क्रमांकास कागदाची जोड हवी, आणि येथे आपल्या सीमाभागाची विशेष अडचण उभी राहते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यानंतर तो म्हैसूर राज्यात आला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. गाडी कोणत्या साली व कोठे नोंदली गेली हे ठरविल्यावाचून तिचे कागद कोणत्या दप्तरात शोधावेत, हेही ठरत नाही.

दुसरी खूण ओतकामाची. ही खूण वाचण्यास उद्यमबागेतील फौंड्रीत काम केलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांइतका अधिकारी वाचक विरळा. धातूचा कायमचा साचा बनविणे अतिशय खर्चाचे असते. आराखडा पक्का होण्यापूर्वी तो खर्च कोणी करीत नाही; लाकडी फर्मा करून वाळूच्या साच्यात मोजके नग ओततात. म्हणून नमुन्याच्या क्रँककेसचा पृष्ठभाग खरबरीत, कणीदार असतो, भिंती जरा जाड असतात आणि साच्याचा सांधा कानशीने घासलेला दिसतो. पण येथेही सावध असावे. होंडाची चार सिलिंडरांची सी. बी. ७५० ही गाडी ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. तिच्या आरंभीच्या ७,४१४ गाड्या 'वाळूच्या साच्यातल्या' म्हणून जगभर प्रसिद्ध आहेत. वस्तुतः त्यांची क्रँककेस वाळूत नव्हे, तर धातूच्याच साध्या साच्यात ओतलेली होती, आणि त्या सर्व गाड्या विक्रीसाठीच बनविलेल्या होत्या. खरे आद्यनमुने निराळे आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांपैकी एक मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधील लिलावात १,६१,००० पौंडांना गेला. जेथे एवढी किंमत मिळते तेथे खऱ्याबरोबर खोटेही जन्मास येते, हे वेगळे सांगावयास नको.

तिसरी खूण हातकामाची. ठोकून घडविलेली टाकी, अखंड धातूतून लेथवर कातलेला भाग, जागा बदलल्यामुळे बुजविलेली जुनी छिद्रे, कापून पुन्हा वेल्डिंग केलेल्या पट्ट्या या चाचणीच्या खुणा होत. मात्र आपल्या भागात सुटे भाग मिळेनासे झाले की कुशल मिस्त्री तोच भाग लेथवर कातून गाडी चालती करीत आले आहेत. तेव्हा हातकाम कारखान्यातले की मिस्त्रीचे? याचा निवाडा रंग आणि झीज करतात. वेल्डिंगचा सांधा मूळ रंगाच्या थराखाली असेल, तर ते काम रंगापूर्वीचे. मूळ रंग जाळून केलेले असेल, तर नंतरचे. भोवतालचे भाग झिजलेले आणि मधलाच एक कोरा असेल, तर तो उशिरा आलेला पाहुणा समजावा.

चौथी कसोटी समकालीन छायाचित्रांची. मागच्या चाकास झुलत्या फोर्कची रचना असलेली रॉयल एनफील्ड बुलेट १९४८ मध्ये इंग्लंडमधील कोलमोर चषक स्पर्धेत नमुना म्हणून अवतरली आणि १९४९ साठीच्या गाड्यांत विक्रीस आली. अशा प्रसंगीची छायाचित्रे आणि नंतरची विक्रीपत्रके शेजारी ठेवून कंस, खिळे, झाकणे एकेक करून ताडून पाहावी लागतात.

आता वखारीतल्या जावाकडे परत येऊ. तिचा कार्बुरेटर 'जिकोव्ह'चा आहे, विजेच्या भागांवर 'पाल' असा छाप आहे. मालक म्हणतात, हाच पुरावा. पण म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या तेव्हा आरंभी चेकोस्लोव्हाकियातून आलेले भाग येथे जोडले जात, आणि देशी भाग क्रमाक्रमाने वाढत गेले. म्हणजे चेक छाप ही आद्यनमुन्याची खूण नव्हे. ती त्या संक्रमणकाळाची खूण आहे. आपली गाडी नमुन्याची ठरत नाही. मालकांची निराशा होईल. परंतु परदेशी यंत्र आपल्या मातीत कसे रुजले याचा साक्षीदार त्यांच्या वखारीत उभा आहे, हे मोल थोडे नाही. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्यामुळे अशा गाड्यांवरच्या खुणांची साक्ष अधिकच मोलाची झाली आहे.

आणि येथेच माझ्या मनातली खरी चिंता सांगतो. २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, जुन्या गाड्यांची हौस वाढली आणि त्यांचा 'जीर्णोद्धार' करण्याची लाट आली. बफिंगच्या चाकावर ओतकामाचे कण जातात, लांबीखाली जुनी छिद्रे मिटतात, नव्या रंगाखाली जुने थर कायमचे नाहीसे होतात. गाडी आरशासारखी चकाकते आणि तिची साक्ष मुकी होते. शिलालेख उजळावा म्हणून कोणी त्यावर छिन्नी चालवीत नाही. मग यंत्रावर का चालवावी?

ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांचे ऋण आपण या मार्गानेही फेडू शकतो. आपल्यापैकी अनेकांचे कारखाने आहेत, गॅरेज आहेत. जुने यंत्र दारात आले तर कानस उचलण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्या, क्रमांक टिपून ठेवा, काढलेला भाग भंगारात न टाकता चिठ्ठी बांधून जपा. 'पहिले' हा शब्द उच्चारण्यापूर्वी चारही कसोट्या लावा. आणि पुरावा नसेल तर 'नाही' म्हणण्याचे धैर्य ठेवा. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.