लव्हाळ्यांच्या काठचा दवाखाना

कोरा सॉल्सबरी यांनी ॲरिझोनातील गनाडो मिशनचा इतिहास लिहिला आणि त्याला ‘वाळवंटातील चाळीस वर्षे’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले. १९०१ ते १९४१ हा त्याचा काळ. कोराबाई आणि त्यांचे पती डॉ. क्लॅरेन्स सॉल्सबरी तिथे आले १९२७ मध्ये, म्हणजे चाळीसपैकी सव्वीस वर्षे त्यांच्या आधीच्यांची. पुढे १९६९ मध्ये डॉक्टरांचे आत्मचरित्र निघाले, त्याच्या नावात मात्र ठळकपणे ‘सॉल्सबरी’ आहे. बाईंनी संस्थेचे वय मोजले, डॉक्टरांनी स्वतःचे आयुष्य मांडले. मिशनऱ्यांच्या इतिहासात बायकांची नावे बहुधा ‘मिसेस अमुक’ एवढ्यावर संपतात. इथे निदान संस्थेचा इतिहास तरी बाईंच्या नावावर आहे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली.

चाळीस वर्षे आणि वाळवंट म्हटले की बायबल वाचणाऱ्याला इजिप्तमधून निघालेले इस्रायली लोक आठवणार. पण ज्यांची ही भूमी, त्या नवाहो लोकांच्या भाषेत गनाडोच्या नावाचा अर्थ लव्हाळ्यांचा रुंद पट्टा असा होतो. त्यांच्या लेखी ती पाण्याची, गुरे थांबायची जागा. एकाच ठिकाणाची ही दोन नावे डोळ्यांसमोर ठेवली तर पुढची हकीकत समजायला सोपी जाते.

नवाहो स्वतःला ‘दिने’ म्हणतात. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांची पिके आणि फळबागा उद्ध्वस्त केल्या आणि हजारो माणसांना शेकडो मैल पायी चालवत बोस्के रेडोंडो येथे नेऊन ठेवले. चार वर्षांनी, जून १८६८ च्या तहाने, ते परत आले. त्या तहातच सहा ते सोळा वर्षांच्या मुलांना शाळेत घालण्याची अट होती, आणि दर तीस मुलांमागे एक शिक्षक देण्याचे सरकारचे वचन होते. लगेच पुढच्या काळात राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या धोरणाने आदिवासींच्या एजन्सी निरनिराळ्या चर्चमध्ये वाटल्या गेल्या. नवाहो प्रेस्बिटेरियनांच्या वाट्याला आले. ‘वाट्याला आले’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. त्यांना कोणी विचारले नव्हते.

गनाडोचे मिशन सुरू झाले १९०१ मध्ये, चार्ल्स बियरकेम्पर या पाद्री दांपत्याच्या आगमनाने. त्यांना पहिला आसरा दिला जॉन लोरेन्झो हबेल या व्यापाऱ्याने. हबेल कॅथलिक, पाहुणे प्रोटेस्टंट! लोकर आणि विणलेल्या घोंगड्यांच्या बदल्यात पीठ, साखर, कॉफी देणाऱ्या त्या दुकानात धर्मापेक्षा शेजारधर्म मोठा असावा.

सॉल्सबरी मूळचे कॅनडाचे, न्यू ब्रन्सविकचे. चीनच्या हैनान बेटावर बरीच वर्षे दवाखान्याचे काम करून, चाळिशी ओलांडल्यावर ते गनाडोला आले. हैनानचे काम चर्चच्या परदेशी मंडळाचे आणि गनाडोचे देशांतर्गत मंडळाचे, म्हणजे कागदोपत्री दांपत्य ‘घरी’ परतले होते. पण ज्यांच्यात परतले त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व सरसकट मिळाले ते १९२४ मध्ये, आणि ॲरिझोनात मताचा हक्क तर १९४८ पर्यंत नव्हता.

ते आले त्याच्या पुढच्याच वर्षी मेरियम अहवाल प्रसिद्ध झाला. आदिवासींच्या सरकारी निवासी शाळांतील अपुरे अन्न, गर्दी, क्षय आणि खुपऱ्या यांचे त्यात विदारक वर्णन आहे. गनाडोच्या रुग्णालयाकडे पाहताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही. १९३० मध्ये तिथे सेज मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. त्याच वर्षी डॉक्टरांनी आदिवासी मुलींसाठी परिचारिका विद्यालय काढले. अशी मान्यताप्राप्त संस्था अमेरिकेत दुसरी नव्हती. या मुलींना हे शिक्षण झेपणार नाही असे म्हणणारे गोरे जाणकार पुष्कळ होते. १९३३ मध्ये पहिल्या दोघी उत्तीर्ण झाल्या, दोघीही नवाहो. पुढे इतर जमातींच्या मुली आल्या, मेक्सिकन आल्या, जपानी वंशाच्याही आल्या.

अडचण बुद्धीची नव्हतीच. नवाहो परंपरेत मृत्यूचा संसर्ग फार भयंकर मानतात. घरात, म्हणजे होगानमध्ये, माणूस मेला तर ते घर सोडून द्यायचे. मग ज्या इमारतीत माणसे मरतात, तिथेच दुसरा आजारी माणूस कसा न्यायचा? आणि आपल्या लेकीला तिथे शवाला हात लावायला कसे पाठवायचे? शिवाय त्यांचे स्वतःचे वैद्य होतेच. त्यांना नवाहो भाषेत ‘गायक’ अशा अर्थाचा शब्द आहे, कारण उपचार म्हणजे कित्येक रात्री चालणारे गायन आणि रंगीत वाळूची चित्रे. मिशनऱ्यांनी याला बराच काळ अंधश्रद्धा म्हटले. तरी लोक दवाखान्यात येऊ लागले आणि घरी परतल्यावर गायकालाही बोलावत राहिले. ते मिशनऱ्यांनी समजावले म्हणून बदलले, असे मला वाटत नाही. जे उपयोगी वाटले ते त्यांनी उचलले.

आपल्याकडच्या वाचकाला इथे मिरज आठवेल. विल्यम वॉन्लेस हेही कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन चर्चचेच. मिरजेचे रुग्णालय १८९४ चे, आणि परिचारिकांचे शिक्षणही तिथे गनाडोच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. सॉल्सबरी गनाडोला पोहोचल्यानंतर वर्षभरातच वॉन्लेस मिरज सोडून गेले. एकाच चर्चची ही दोन टोके. फरक एवढाच की मिरज संस्थानात होते आणि तिथे निदान राजाशी बोलून काम करावे लागे.

सर्वांत मोठी फट भाषेची होती. मिशनच्या शाळेत इंग्रजी हवी, नवाहो नको. याच गनाडोत १९२४ पासून काम करणाऱ्या फे एजर्टन यांना ते पटेना. त्या नवाहो शिकल्या, पुढे मिशन सोडून भाषांतराच्या कामाला लागल्या, आणि जेरोनिमो मार्टिन या अंध नवाहो सहकाऱ्यासह केलेला नवा करार १९५६ मध्ये निघाला. शाळेत जी भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई, तिच्यावरच १९४२ पासून अमेरिकी सैन्याचे सांकेतिक संदेश चालले, हे तर प्रसिद्धच आहे.

याच काळात, १९३३ पासून, सरकारने धूप थांबवण्याच्या नावाखाली नवाहोंच्या मेंढ्या-बकऱ्या कमी करायला सुरुवात केली. हजारो जनावरे मारली गेली. त्यात बायकांचा कळप गेला, म्हणजे त्यांची मिळकत आणि मान दोन्ही गेले. त्या घरांतून बाळंतिणी आणि आजारी मुले सेज मेमोरियलला येत होती, तेव्हा त्या दवाखान्याच्या आकड्यांमागे हेही दुःख वाचले पाहिजे.

सॉल्सबरी १९५० मध्ये गनाडोहून गेले. डॉक्टर पुढे ॲरिझोना राज्याचे आरोग्यप्रमुख झाले. पाठोपाठ १९५१ मध्ये परिचारिका विद्यालय बंद पडले. त्याच वर्षी ॲनी वॉनेका ही नवाहो बाई जमातीच्या कौन्सिलवर निवडून आली. क्षयाविरुद्ध ती होगान ते होगान फिरली आणि वैद्यकीय शब्दांचा इंग्रजी-नवाहो कोश तिने तयार करवला. जंतू, क्षकिरण, शस्त्रक्रिया यांना लोकांना कळतील असे शब्द त्यात बसवायचे होते. तेवीस वर्षांत मिशनच्या हातून हे काम का झाले नाही, हा प्रश्न कोराबाईंना विचारावासा वाटतो. रुग्णालयाचा कारभार १९७० च्या दशकात नवाहोंच्या संस्थेकडे गेला. विद्यालयाची इमारत २००९ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.