भाड्याची गाडी : मालकाची जबाबदारी किती, ग्राहकाची किती?

बेळगाव, इंदूर, हैदराबादहून गोव्याला गेलेली मंडळी तिथं स्वतः चालवायला गाडी भाड्यानं घेतात. घेताना सगळं गोड असतं. वाद होतो तो गाडी परत देताना. ‘हा ओरखडा तुमचाच’ म्हणत डिपॉझिट अडवलं जातं. त्यामुळे काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

नंबर प्लेट पाहा

स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि त्यावरची अक्षरं पिवळी असतात. टॅक्सीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं असलेली खासगी गाडी भाड्यानं देणं बेकायदा आहे. परवान्याशिवाय असा धंदा केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 192अ नुसार पहिल्या गुन्ह्याला 10 हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते आणि मग खर्चावरून मालक-ग्राहकात जुंपते. स्वस्तात मिळते म्हणून घेतलेली गाडी अशी महागात पडते.

मालकानं काय करावं

गाडी चालू स्थितीत आणि वैध विमा, परवाना, पीयूसीसह द्यावी. भाडं, डिपॉझिट, किलोमीटरची मर्यादा आणि नुकसानीचा हिशेब लेखी द्यावा. कापलेल्या पैशाचं दुरुस्तीचं बिल दाखवावं. ग्राहकाचं मूळ लायसन्स ठेवून घेऊ नये, कारण गाडी चालवताना ते लागतं. डिजिलॉकरमधलं लायसन्सही चालतं.

ग्राहकानं काय करावं

ताबा घेताना चारही बाजू, टायर, काचा, किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा यांचा व्हिडिओ काढावा. परत देतानाही तेच करावं. करारात नाव नसलेल्याच्या हातात स्टिअरिंग देऊ नये. दारू पिऊन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला 10 हजार रुपये दंड, कैद किंवा दोन्ही. वर विम्याचा दावाही अडचणीत येतो. ई-चलान मालकाच्या नावावर येतं, पण चूक चालवणाऱ्याची असेल तर ते त्यानंच भरावं. अपघात झाल्यास जखमींना मदत, पोलिसांना खबर आणि लगेच मालकाला फोन, हा क्रम विसरू नये.

तक्रार कुठे?

आधी मालकाला लेखी कळवावं. दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथं राहतो तिथल्या आयोगातही तक्रार चालते. म्हणजे गाडी पणजीत घेतली असली तरी बेळगावकराला गोव्याला हेलपाटे मारावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मात्र पावती, करार आणि व्हिडिओ हाताशी हवा. तोंडी ठरलेलं सिद्ध करताना नाकी नऊ येतात.