कौलं उतरवली तेव्हा

आजी रोज सकाळी चाळीच्या गॅलरीत, कठड्यावर अंथरूण-पांघरूण उन्हाला टाकायची. पावसाळ्यात तासभर उघडीप मिळाली तरी चुकवायची नाही. मी कंटाळा केला की म्हणायची, "उन्हाची किंमत माझ्या सासूबाईंना विचारायला हवी होतीस."

तिच्या सासूबाई म्हणजे माझी पणजी. १८९६ साली ती दहा-अकरा वर्षांची, मुक्काम मुंबईतली मांडवी. गोदामामागची खोली, दिवसाही दिवा लावावा लागे. त्याच मांडवीत त्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. माणूस दगावला की घरावर लाल वर्तुळ काढत. पणजीच्या दारावर दोन होती, एक आजोबांचं आणि एक धाकट्या भावाचं. मग सरकारी माणसं आली, सामान बाहेर काढलं, चुना मारला आणि वरची कौलं उतरवली. खोलीत ऊन पडलं तेव्हा भिंतीला किती ओल होती ते दिसलं, असं ती आजीला सांगे. सगळे गलबतात बसून कोकणात पळाले. परतायला दोन वर्षं गेली.

तोवर, १८९८ साली, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला होता. त्याचा जन्मच प्लेगमुळे झाला. दाट वस्त्या फोडायच्या, समुद्राचा वारा आत येईल असे पूर्व-पश्चिम रस्ते काढायचे, गरिबांसाठी चाळी बांधायच्या, ही त्याची कामं. म्हणजे घर बांधणं हा तेव्हा रोगावरचा इलाज मानला गेला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेडाचं मापच धरलं: साडेत्रेसष्ट अंशांचा कोन. साध्या हिशेबात, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं अंतर मोकळं हवं.

ट्रस्टचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. त्याने पाडलं जास्त, बांधलं कमी. उठवलेली माणसं शेजारच्या दाट वस्त्यांत जाऊन आणखी दाटीने राहिली. पण ज्यांना खोली मिळाली, त्यांना गॅलरी मिळाली, उजेड मिळाला. आमच्या घरच्यांना ट्रस्टच्या परळच्या, म्हणजे बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळीत मिळाली. तिथल्याच चाळीत बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून बावीस वर्षं राहिले. आजी सांगायची, भाडं घ्यायला येणारा कारकून मोरीत डोकावायचा, खोकला कुणाला आहे तेही विचारायचा. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. पुढे घराची फाइल एका टेबलावर गेली, आजाराची दुसऱ्या.

या फारकतीचं फळ मी गोवंडी-मानखुर्दमध्ये पाहिलं. रस्ते आणि नाल्यांकाठच्या झोपड्यांतून उठवलेल्यांसाठी बांधलेल्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर. ऑर यांच्या मापाने चोवीस मीटर उंचीला बारा हवं होतं. पहिल्या मजल्यावरच्या एका घरात भर दुपारी ट्यूबलाइट चालू होती आणि मला मांडवीचा तो दिवा आठवला. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने तिथे पाहणी केली. या दोन वसाहतींत क्षयाचे रुग्ण मोकळं अंतर असलेल्या पीएमजी वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त निघाले, आणि उजेड-वारा न पोचणारे खालचे मजले जास्त भोगत होते. आरोग्यसेविका दार वाजवून गोळ्यांची चौकशी करतात, मनापासून करतात. पण गोळी घेऊन माणूस झोपतो त्याच खोलीत.

माझी ही तक्रार नकाशावर सही करणाऱ्यांपाशी आहे. पुनर्वसनाच्या घरांना इमारतींमधल्या अंतराच्या नियमातून सूट देताना त्या टेबलाशी एक डॉक्टर बसलाच पाहिजे, आणि त्याला नकार देण्याचा अधिकार हवा. तुमच्या चाळीचा पुनर्विकास ठरत असेल तर सभेत चौरस फूट विचाराल तेव्हा दोन इमारतींमधलं अंतरही विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.