रित्या पाळण्याचें मोल

सोलापुराहून तुळजापुरास जाणारी वाट फार जुनी आहे. या वाटेनें कित्येक पिढ्यांच्या स्त्रिया देवीची ओटी भरावयास गेल्या, आणि त्यांतल्या अनेकींची स्वतःची ओटी रिती होती. मूल झालें तर लाकडी पाळणा वाहीन, देवीपुढें जावळ काढीन, मुलाच्या भारंभार गूळ वाटीन, अशी नवसाची बोली असे. या बोलींत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. किंमत आधीं ठरे, पण ती फेडावयाची फळ हातीं आल्यावर. आजच्या वैद्यकीय उपायांत हा क्रम उलटला आहे. तेथें किंमत आधीं मोजावी लागते, आणि फळाची हमी कोणालाच देतां येत नाहीं. हा क्रम उलटण्याचा इतिहास म्हणजेच अपत्यहीन गरिबांच्या दुःखाचा अलीकडचा इतिहास होय.

जुना काळ दयाळू होता असें मात्र नव्हे. क्वचित् किंमत म्हणून मूलच देऊं केलें जाई. मूल झाल्यास पहिली मुलगी खंडोबाला वाहीन, असाही नवस होई, आणि अशा मुली मुरळी म्हणून आयुष्य काढीत. स्त्री देवाला वाहणें बेकायदा ठरविणारा मुंबई इलाख्याचा कायदा १९३४ सालीं आला.

परंतु खरी किंमत देवळापेक्षां घरांतच अधिक मोजली जाई. मूल नाहीं म्हणजे दोष बायकोचा, हें गृहीतच असे. हिंदु पुरुषाच्या दुसऱ्या विवाहाला मुंबई प्रांतांत १९४६ च्या कायद्यानें आणि पुढें देशभर १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें बंदी झाली. तोंपर्यंत वंश बुडेल, एवढें कारण सवत आणण्यास पुरेसें होतें. ज्यांच्याजवळ वतन किंवा गादी असे, ते दत्तक घेत. गादीला औरस वारस नसला तर काय होतें, हें महाराष्ट्रानें १८४८ सालीं पाहिलें. डलहौसीनें दत्तविधान नामंजूर केलें आणि सातारचें राज्य खालसा झालें. सातारच्या राज्याची हकीकत इतिहासांत आली. मात्र मूल नाहीं म्हणून आपल्याच घरांत परकी झालेल्या असंख्य स्त्रियांची नोंद कोठेंच झाली नाहीं.

वैद्यकानें पहिला धक्का दिला तो या गृहीतालाच. १९२० च्या सुमारास अमेरिकेंतील डॉ. इझिडोर रुबिन यांनीं गर्भाशयांत वायु सोडून बीजवाहिन्या मोकळ्या आहेत कीं नाहींत हें पाहण्याची रीत घालून दिली. पुरुषाच्या वीर्याची परीक्षा सूक्ष्मदर्शकाखालीं होऊं लागली, आणि सुमारें निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो, असें दिसून आलें. ही परीक्षा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी त्रासाची. परंतु पुष्कळ घरांत ती सर्वांच्या शेवटीं होते. तोंपर्यंत बायकोच्या तपासण्यांवर, औषधांवर आणि काढ्यांवर घरची शिल्लक संपलेली असते.

स्त्रीकडील कारणांत आपल्या देशापुरतें एक कारण विशेष महत्त्वाचें आहे. तें म्हणजे क्षय. १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं ज्याचा शोध लावला, तो क्षयाचा जंतु फुप्फुसांतून रक्तावाटे बीजवाहिन्यांपर्यंत पोहोंचतो, तेथें वर्षानुवर्षें गुपचूप राहतो आणि त्या नळ्या बुजवून टाकतो. अनेकदां स्त्रीला ताप नसतो, खोकला नसतो. मूल होत नाहीं, एवढेंच काय तें लक्षण. औषधानें जंतु मरतो, पण बुजलेली नळी बहुधा पुन्हां मोकळी होत नाहीं. सोलापुरांत १८७७ च्या सुमारास कापडाची पहिली मोठी गिरणी चालूं झाली, आणि त्यानंतर हें शहर कामकऱ्यांच्या वस्त्यांनीं भरत गेलें. दाटीच्या, कोंदट खोल्यांत क्षयाला आयतें घर मिळतें. म्हणजे जो रोग गरिबाकडे अधिक मुक्काम करतो, त्यानेंच केलेल्या या हानीवरचा उपाय सर्वांत महाग आहे.

हा उपाय मुळांत बंद नळ्यांसाठींच निघाला. स्त्रीचें बीज शरीराबाहेर काढावयाचें, काचपात्रांत त्याचा पुरुषबीजाशीं संयोग घडवावयाचा आणि तयार झालेला गर्भ गर्भाशयांत ठेवावयाचा, म्हणजे नळीचें कामच उरत नाहीं. या रीतीनें जगांतील पहिलें मूल इंग्लंडांतील ओल्डहॅम येथें २५ जुलै १९७८ रोजीं जन्मलें. त्यानंतर सत्तर दिवसांनीं, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नानें एक मुलगी जन्माला आली. त्यांचीं साधनें बेताचीं होतीं. सरकारनें नेमलेल्या समितीनें त्यांचा दावा फेटाळला, आणि १९८१ सालीं त्यांनीं आत्महत्या केली. त्यांच्या कार्याची थोरवी मान्य झाली ती मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीं.

महाराष्ट्रांत हें यश ६ ऑगस्ट १९८६ रोजीं डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांचे सहकारी यांनीं मिळविलें. तें कोणा धनिकांच्या शुश्रूषागृहांत मिळालें नाहीं. तें मिळालें परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत, म्हणजे १९२६ पासून गिरणगांवाची सेवा करीत आलेल्या पालिकेच्या रुग्णालयांत. त्याच परळांतील सरकारी प्रजनन संशोधन संस्था या कार्यांत भागीदार होती. महाराष्ट्रांत या विद्येचें पहिलें दार असें सार्वजनिक पैशानें आणि सामान्य रुग्णांच्या इमारतींत उघडलें, हें विसरतां कामा नये.

पुढील काळांत मात्र ही विद्या वाढली ती मुख्यतः खासगी केंद्रांतून. मुंबई-पुण्याहून ती सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या शहरीं आली. अंतर कमी झालें, पण खर्च आवाक्यांत आला नाहीं. एका प्रयत्नास आज साधारणतः एक ते अडीच लाख रुपये लागतात. तरुण स्त्रीच्या बाबतींतही एका प्रयत्नांत यशापेक्षां अपयशाचाच संभव बहुधा अधिक असतो, आणि वय वाढेल तसतशी आशा घटत जाते.

या आंकड्यांचा अर्थ सोलापूरच्या घरांत नेऊन पाहिला पाहिजे. या शहरांत हजारों स्त्रिया विड्या वळून संसाराला हातभार लावतात. हजार विड्या वळणें हें सराईत हातालाही पुऱ्या दिवसाचें काम. उदाहरणादाखल हजारीं दोनशें रुपये मजुरी धरली, तर दीड लाख रुपये म्हणजे साडेसात लाख विड्या. एक पैसाही अन्नवस्त्राला न लावतां साडेसातशें दिवसांचे हे श्रम, आणि तेही एकाच प्रयत्नासाठीं. तेवढी रक्कम सांठेपर्यंत अनुकूल वर्षें निघून जातात. म्हणून अशा घरीं पैसा सांठविला जात नाहीं, तो कर्जाऊ काढला जातो. दागिना गहाण पडतो, नातलगांचें देणें होतें. प्रयत्न फसला तर मूल येत नाहीं, पण व्याज मात्र घरांत येऊन राहतें. शिवाय गांवाकडून आलेल्या जोडप्याला एसटीचें भाडें, राहण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी हीं निराळींच.

या बाबतींत राज्यकर्त्यांनीं काय केलें? २ जुलै २०१२ रोजीं महाराष्ट्र सरकारची जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतें. तींत ९७२ उपचारांचा समावेश होता आणि कुटुंबाला दरसाल दीड लाख रुपयांपर्यंतचें संरक्षण होतें. हृदयाच्या शस्त्रक्रियेपासून कर्करोगापर्यंत अनेक संकटांत या योजनेनें गरिबांना आधार दिला. परंतु काचपात्रांतील गर्भधारणा तींत नव्हती. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेनेंही अपत्यप्राप्तीचे उपचार वगळले. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानें अशा केंद्रांची नोंदणी आणि कामाची शिस्त ठरविली, पण दर ठरविले नाहींत.

यामागें केवळ निष्ठुरता आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. जेथें हृदयरोग्यालाच पैसा पुरत नाहीं, तेथें न जन्मलेल्या मुलासाठीं तो कोठून आणावा, हा प्रश्न खरा आहे. शिवाय १९५२ पासून कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम चालविणाऱ्या शासनाची दृष्टि जन्म कमी करण्यावर खिळली होती. गरिबाघरीं मुलें फारच होतात, या समजुतीखालीं ज्या गरिबाघरीं मूल होतच नाहीं तें घर झांकलें गेलें. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांत दर सहा माणसांपैकीं एकाला आयुष्यांत केव्हां ना केव्हां हें दुःख भोगावें लागतें, आणि श्रीमंत व गरीब देशांत या प्रमाणांत फारसा फरक नाहीं.

मग हा उपाय महागच असला पाहिजे काय? बेल्जियममधील गेंक शहरीं डॉ. विलेम ओम्बेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं याचें उत्तर प्रयोगानें दिलें. गर्भ वाढविण्यासाठीं लागणारा वायु मोठ्या यंत्रांऐवजीं सायट्रिक आम्ल आणि सोडा यांच्या संयोगानें दोन साध्या नळ्यांत निर्माण करतां येतो, असें त्यांनीं दाखविलें, आणि या साध्या साधनांतून निरोगी मुलें जन्मलीं. जवळचें उदाहरण गोव्याचें. तेथें २०२३ सालीं बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत हा उपचार विनामूल्य देण्यास आरंभ झाला.

गोवा लहान आहे, महाराष्ट्र मोठा आहे, हें खरें. परंतु सर्वच वाट लाखांची नाहीं. क्षयाचें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. तें वेळेवर घेतलें गेलें तर कित्येक नळ्या बुजण्यापूर्वींच वांचतील. पतीची परीक्षा पहिल्याच भेटींत झाली, तर कित्येक पत्नींचीं वर्षें, पैसा आणि अब्रूही वांचेल. या दोन गोष्टींना नवें यंत्र लागत नाहीं. उरतील तीं जोडपीं, ज्यांना काचपात्रावांचून गति नाहीं. त्यांच्यासाठीं जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत दार उघडावें, ही मागणी महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. १९८६ सालीं परळांत तें दार एकदां उघडलेलेंच होतें.

तुळजापूरच्या वाटेवर आजही रित्या ओटीच्या स्त्रिया जातात. त्यांतल्या कांहींच्या पिशवींत ओटीच्या खणानारळाबरोबर तपासणीचे कागदही असतात. देवीचा नवस फळ मिळाल्यावर फेडतां येतो. हातांतल्या कागदांचे पैसे मात्र त्यांनीं आधींच भरलेले असतात.