दिनविशेष : २४ जुलै
'ह'च्या बाराखडीचे प्राध्यापक

नाटककार आणि अभिनेते प्रा. मधुकर तोरडमल यांचा आज जन्मदिन. जन्म २४ जुलै १९३२. रंगभूमीवर पूर्ण वेळ उतरण्याआधी ते अहमदनगरला इंग्रजी शिकवत. 'तरुण तुर्क म्हातारे अर्क' हे कॉलेजजीवनाची मनमुराद टर उडवणारं नाटक याच प्राध्यापकाच्या लेखणीतून उतरलं.

नाटकातले प्राध्यापक बारवे खुद्द तोरडमलच रंगवत. बोलता बोलता बारव्यांना नेमका शब्द आठवत नाही. मग त्या जागी 'हा', 'ही', 'हे' असं काहीतरी येतं आणि वाक्य न थांबता पुढे सरकतं. गाळलेली जागा ज्यानं त्यानं आपापल्या मनानं भरायची! शब्द न उच्चारता थिएटर डोक्यावर घेण्याची ही करामत 'ह'ची बाराखडी म्हणून घरोघरी पोचली. नाटकाचे हजारो प्रयोग झाले.

ब्रिटनमध्येही एका शिकवणाऱ्यानंच अशी टर उडवली होती. स्वान्सीला इंग्रजी शिकवणाऱ्या किंग्जली एमिस यांनी १९५४ साली 'लकी जिम' ही विद्यापीठाची खिल्ली उडवणारी कादंबरी प्रसिद्ध केली. १९५७ साली जॉन बोल्टिंग यांनी तिच्यावर चित्रपट केला. इयान कारमायकेल त्याचे नायक होते. दोन्हीकडे वर्ग आतून पाहिलेल्या माणसानंच वर्गाला हसवलं, म्हणून तो विनोद अस्सल उतरला.

तोरडमलांनी 'तिसरी घंटा' हे आत्मचरित्रही लिहिलं. २ जुलै २०१७ रोजी त्यांचं निधन झालं.