चित्रपटाचा शेवट : 'अंकुर' ते 'फँड्री'



मागच्या व्याख्यानानंतर जिन्यात एका श्रोत्यांनी आम्हाला गाठलं आणि विचारलं, "सर, तुम्हाला सगळ्यात लक्षात राहिलेला चित्रपटाचा शेवट कोणता?" आम्ही पटकन म्हणालो, 'अंकुर'. घरी जाताना रिक्षात जाणवलं की नाव बरोबर होतं, पण कुणी 'का?' असं विचारलं असतं तर आमच्याकडे धड उत्तर नव्हतं. तेव्हा आज ते 'का' शोधू या. थोडा इतिहास सांगू, थोडं तत्त्वज्ञान येईल, आणि शेवटी आमची एक जुनी चूकही कबूल करायची आहे. ती या विषयाशीच जोडलेली आहे.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून. (आमच्या विद्यार्थ्यांना सवय आहे, बाकीच्यांनी क्षमा करावी.) 'काव्यशास्त्रा'त तो शेवटाची व्याख्या करतो. आधीच्या घटनांतून जो अपरिहार्यपणे किंवा स्वाभाविकपणे निघतो आणि ज्याच्यानंतर काही यावं लागत नाही, तो शेवट. व्याख्या इतकी साधी आहे की आपण ती वाचून पुढे जातो. पण तिच्यात एक कडक अट आहे. शेवट वरून आणून चिकटवता येत नाही, तो आतून पिकावा लागतो.

आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात पाच संधी आहेत : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. निर्वहण म्हणजे विखुरलेले सगळे धागे एकत्र आणणं. त्याच्या जोडीला कार्याची शेवटची अवस्था, फलागम. फळ हाती येतं, मग भरतवाक्य, सगळ्यांचं कल्याण होवो, पडदा. संस्कृत नाटकात याला अपवाद विरळ. भासाचं 'ऊरुभंग' हा त्यातला मोठा, तिथे दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो. एरवी नाटक सुखान्त. आपल्या व्रतांच्या कहाण्या सुफळ संपूर्ण होतात, मैफल भैरवीने संपते. शेवट म्हणजे घरी सुखरूप पोचवणं, असा आपला फार जुना संस्कार आहे.

चित्रपट आला तो याच घरात. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला. हरिश्चंद्राचं राज्य गेलं, बायको-मुलगा गेले, स्मशानात चाकरी करावी लागली, आणि शेवटी कळतं की ही परीक्षा होती. सगळं परत मिळतं. शुद्ध फलागम. मूकपट, नवं यंत्र, नवा धंदा, पण शेवट दोन हजार वर्षांच्या ओळखीचा. प्रेक्षकाला तो परका वाटला नाही याचं हेही एक कारण असावं.

१९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' आला, दामले-फत्तेलाल यांचा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. शेवट आपल्याला माहीत असतोच, तुकोबा वैकुंठाला जाणार. विष्णुपंत पागनीस गरुडावर बसून वर जातात, त्या काळची ट्रिक आहे, आजच्या पोरांना हसू येईल. पण आम्ही तो शेवट पाहतो तो जिजाईसाठी. गौरीबाईंनी केलेली ती भूमिका! नवरा वैकुंठाला निघालाय आणि ही बाई पोरांच्या आणि चुलीच्या संसारात मागे राहते. चित्रपट भक्तीचा आहे, तरी त्या शेवटात एक प्रश्न हळूच शिरलेला आहे. तुकोबांना फळ मिळालं. जिजाईला? निर्वहणाच्या धाग्यांतला एक धागा तसाच लोंबत राहिला, आणि आम्हाला तो धागाच लक्षात राहिला.

मग शांतारामबापूंचा 'माणूस', १९३९. त्याआधी १९३५ मध्ये बरुआंचा 'देवदास' येऊन गेला होता. पारोच्या दारात मरण पत्करणारा तो नायक तरुणांना भुरळ घालत होता. बापूंना ते पटलं नाही. त्यांचा नायक गणपत हा साधा पोलीस शिपाई आहे, मैना वेश्या आहे. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. ती लग्नाच्या उंबरठ्यावरून मागे फिरते, पुढे खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात जाते, आणि तो सोडवायला आला तरी नाकारते. गणपत मरत नाही. तो जगायला, कामावर परत जातो. बघा, सुखान्तही नाही आणि मरणही नाही. 'प्रेम गेलं, आता जगायचं कसं' याला एका शिपायाने दिलेलं उत्तर आहे ते. शेवट म्हणजे एक मत असतं, दिग्दर्शकाने जगाबद्दल दिलेलं मत, हे आम्हाला 'माणूस'मुळे कळलं.

आता जरा बाहेर जाऊ. चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स', १९३१. बोलपट येऊन चार वर्षं झाली होती, तरी हा गृहस्थ मूकपटालाच चिकटून राहिला. आंधळ्या फुलवालीला दिसू लागलेलं आहे. आपला उपकारकर्ता कुणी श्रीमंत असणार असं तिला वाटतंय. समोर एक फाटका माणूस उभा आहे, ती त्याची दया येऊन त्याच्या हातात नाणं ठेवते आणि त्या स्पर्शाने ओळखते. बस्स. पुढे दोघांचं काय होतं? चॅप्लिन सांगत नाही. ॲरिस्टॉटलची पहिली अट पुरी होते, कारण आंधळेपणात तिची ओळख स्पर्शाचीच होती. दुसरी अट मात्र डळमळते, कारण त्यानंतर काहीतरी यायलाच हवं असं आपल्याला वाटत राहतं.

१९५५ चा 'पथेर पांचाली' घ्या. हरिहर, सर्वजया आणि अपू बैलगाडीतून गाव सोडतात, आणि रिकाम्या घरात साप शिरतो. दुर्गा गेली, घर गेलं, हे सांगायला रायबाबूंना एक सरपटणारा प्राणी पुरला. १९५९ मध्ये त्रुफोचा 'द फोर हंड्रेड ब्लोज' आला. सुधारगृहातून पळालेला पोरगा धावत धावत समुद्रापाशी पोचतो, पुढे पाणी, मागे जग, तो वळतो आणि थेट कॅमेऱ्यात बघतो. तिथे चित्र गोठतं. तो आपल्याकडे बघतोय, आणि आपल्याकडे त्याला द्यायला काही नाही.

कॅमेऱ्यात बघण्याची ही युक्ती तशी जुनी आहे. १९०३ सालच्या 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' या बाराएक मिनिटांच्या अमेरिकन चित्रपटात एक दरोडेखोर थेट प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो. गंमत अशी की ते दृश्य सुरुवातीला लावा किंवा शेवटी लावा, अशी मुभा थिएटरवाल्यांना दिलेली होती! कुठेही लावता येतो तो शेवट ॲरिस्टॉटलच्या हिशेबात शेवटच नव्हे, तो फटाका. त्रुफोच्या पोराची नजर दुसरीकडे हलवून बघा. चित्रपट कोसळेल.

आता 'अंकुर'. १९७४. श्याम बेनेगल यांचा पहिला चित्रपट. तेलंगणातलं खेडं, तरुण जमीनदार सूर्या, त्याच्या घरी काम करणारी लक्ष्मी, तिचा मुका-बहिरा नवरा किश्तय्या. सूर्यापासून लक्ष्मीला दिवस जातात. परतलेला किश्तय्या काम मागायला येतो. सूर्याला वाटतं हा सूड घ्यायला आला, आणि तो त्याला फोडून काढतो. लक्ष्मी धावत येते आणि तोंड भरून शाप देते. सूर्या दाराआड लपतो. सगळे पांगतात. मग एक लहान पोरगा दगड उचलतो, जमीनदाराच्या खिडकीवर भिरकावतो आणि पळून जातो. काच फुटते, पडदा लाल होतो.

आम्ही तो पाहिला तेव्हा पंचविशीच्या आत होतो. आमच्या तरुणपणी चित्रपट संपता संपता लोक चपला चाचपडायचे, छत्र्या शोधायचे. त्या दिवशी बराच वेळ कुणी हललं नाही, मग टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. पुढे प्राध्यापक झाल्यावर सौंदर्यशास्त्राच्या तासाला हा शेवट आम्ही वर्षानुवर्षं शिकवला. आतून पिकलेला शेवट कसा असतो याचं उदाहरण म्हणून.

अशाच एका वर्षी, फिल्म सोसायटीत मुलांना 'अंकुर' दाखवल्यानंतरच्या तासाला, मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. वसतिगृहात राहायचा, खेड्यातून आलेला, एरवी बोलत नसे. म्हणाला, "सर, दगड मारून ते पोरगं घरीच गेलं असेल ना? मग त्या रात्री त्याच्या घरी काय झालं असंल?"

वर्गात थोडं हसू पसरलं. आणि आम्ही काय केलं? आम्ही फळ्यावरच्या ॲरिस्टॉटलच्या व्याख्येकडे बोट दाखवलं. सांगितलं की कलाकृतीला सीमा असते, तिच्या बाहेरचा प्रश्न हा कलाकृतीबद्दलचा प्रश्न नव्हे. उत्तर तर्काला धरून होतं. परीक्षेत लिहिलं असतं तर आम्हीच गुण दिले असते. तो "बरं" म्हणाला आणि खाली बसला. पुन्हा त्या वर्षी त्याने प्रश्न विचारला नाही. हा प्रश्न त्याला का पडला, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मंडळी, आम्ही हे विसरून गेलो होतो. आठवलं ते २०१४ च्या फेब्रुवारीत. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' लागला होता. 'फँड्री' म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्या हा शाळेत जाणारा, शालूवर जीव जडलेला मुलगा. शेवटाकडे त्याच्या सगळ्या कुटुंबाला गावासमोर डुक्कर पकडायला लागतं. गाव गंमत बघतंय, शाळेतली पोरं बघतायत, शालूही बघतेय. डुक्कर हाताशी येतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात, डुक्कर निसटतं.

आमच्या तरुणपणी राष्ट्रगीत चित्रपट संपल्यावर वाजायचं, पुढे महाराष्ट्रात ते आधी वाजू लागलं. इथे ते चित्रपटाच्या मध्येच वाजत होतं. आम्ही खुर्चीतून उठावं की बसून राहावं, ते कळेना. अर्धवट उठलो. मान राखण्याचे नियम पाळण्यात आम्ही गुंतलो होतो, आणि पडद्यावर ज्यांचा मान गाव लुटत होतं ते कुटुंबही तोच नियम पाळत होतं. पुढे ते डुक्कर काठीला टांगून नेतात, मागे शाळेच्या भिंतीवर डॉ. आंबेडकरांचं चित्र. टवाळी थांबत नाही. जब्या दगड उचलतो. एक, दोन, आणि शेवटचा दगड सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. अंधार.

त्या अंधारात आम्हाला मागच्या बाकावरचा तो मुलगा आठवला.

'अंकुर'चा दगड खिडकीवर गेला होता. आम्ही पोराच्या पाठीमागे सुरक्षित उभे राहून टाळ्या वाजवत होतो. जमीनदार दुसरा कुणीतरी होता, काच दुसऱ्याची होती. चाळीस वर्षांनी तोच दगड वळून आमच्याकडे आला. आणि पोराच्या घरी त्या रात्री काय होतं, हा जो प्रश्न आम्ही सीमेबाहेरचा म्हणून फेटाळला होता, त्या प्रश्नाचाच 'फँड्री' बनलेला आहे. ते घर, तो बाप, त्या शिव्या, ती लाज. बेनेगल यांच्या चित्रपटात ते पोर शेवटच्या क्षणी काम करून पळतं. मंजुळे यांनी त्याच्या मागोमाग जाऊन त्याचं दार उघडलं, असं आम्हाला वाटतं. दोघांचा एकमेकांशी संबंध होता असा आमचा दावा नाही. आमच्या आयुष्यात मात्र तो लागला.

तर मग शेवट लक्षात का राहतो? तो आतून पिकलेला असावा, हे ॲरिस्टॉटलचं म्हणणं आम्ही आजही मानतो. फटाका लक्षात राहत नाही. त्याच्यानंतर काही येत नाही, हे मात्र अर्धंच खरं. कथेत काही येत नसेल, पण बघणाऱ्याच्या आयुष्यात येतं. जिजाई मागे राहते, फुलवाली ओळखते, अपू गाडीत बसतो, पोरगं घरी जातं. निर्वहणात सगळे धागे जुळतात तेव्हा आपण समाधानाने उठतो. एखादा धागा मुद्दाम आपल्या हातात ठेवला जातो तेव्हा तो घेऊन घरी जावं लागतं. आणि तो धागा दिसणं हे आपण कुठे बसलोय यावरही अवलंबून असतं. आम्हाला व्याख्यानाच्या टेबलामागून जो दिसला नाही, तो त्या मुलाला मागच्या बाकावरून पहिल्याच पाहण्यात दिसला होता.

त्याला आज भेटलो तर आम्ही एवढंच म्हणू, की बाबा, तुझा प्रश्न चित्रपटाबद्दलचाच होता. आमचं उत्तर चुकलं.

आता प्रश्नोत्तरं. आज आपण नेहमीचा क्रम बदलू या. पहिला प्रश्न सगळ्यात मागच्या रांगेतून घेऊ.