कोणतं नांदगाव? : हरवलेल्या नोंदींचा शोध

आज विषय नोंदींचा आहे, आणि त्याची सुरुवात आपण ज्या गावात बसलो आहोत त्याच्या नावापासून करू. अमरावती जिल्ह्यात कुणी ‘नांदगाव’ म्हणालं की समोरचा लगेच विचारतो, कोणतं? पेठ की खंडेश्वर? एक नागपूर रस्त्यावरचं, अमरावती तालुक्यातलं; दुसरं स्वतःच तालुक्याचं ठिकाण. तिसरं नांदगाव नाशिक जिल्ह्यात. आणि आज आपण ज्याला राजनांदगाव म्हणतो, ते त्या काळी नांदगाव संस्थान म्हणूनच ओळखलं जाई. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. त्यानंतर आपलं नांदगाव आणि ते संस्थान या दोन्हींचा कारभार नागपूरकडूनच पाहिला जाऊ लागला.

आता समजा, पणजोबांच्या जन्माची नोंद शोधायची आहे आणि घरच्या कागदावर नुसतं ‘नांदगाव’ लिहिलेलं आहे. चुकीच्या गावाचं बाड उघडलं तर उत्तर मिळतं, ‘नोंद आढळत नाही’. प्रत्यक्षात नोंद हरवलेली नसते, आपण दुसऱ्याच गावात शोधत असतो. 2011 च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिला गेला, तो याचसाठी. नावं जुळतात, क्रमांक जुळत नाहीत. जुन्या बाडांना असा क्रमांक नाही. तिथं गावाबरोबर परगणा, तालुका, जिल्हा बघावा लागतो, आणि तेही त्या वर्षीचे. सीमा बदलत गेल्या, कागद कधी हैदराबादच्या रेसिडेंटकडे, कधी नागपूरला, 1956 नंतर मुंबईकडे बघू लागले. हे पहिलं कारण झालं.

दुसरं कारण असं, की जे आपण शोधतो त्यासाठी रकानाच नव्हता. विदर्भात ‘कोतवाल बुक’ हा शब्द घराघरात माहीत आहे. जातीच्या दाखल्यासाठी लोक तहसिलीत त्याचीच नक्कल मागतात. त्यात पुष्कळदा असं सापडतं : अमक्यास मुलगा झाला, तारीख, जात. मुलाचं नाव नाही! का? जन्माची खबर चार-दोन दिवसांत दिली जाई, बारसं व्हायचं असे. म्हणजे संगणकावर पणजोबांचं नाव टाकून कितीही शोधा, ते सापडणारच नाही. शोधायचं ते त्यांच्या वडिलांचं नाव. त्यात ही बाडं मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्दही सलग लिहितात. एकच नाव दोन माणसांनी वाचलं तर देवनागरीत ते दोन तऱ्हांनी उतरतं, आणि एका माणसाचे दोन होतात.

तिसरं कारण सर्वांत गंभीर. घटना घडली, पण लिहायला कुणी उरलंच नाही. 1918 ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझा. जूनमध्ये ती मुंबईत आली. पावसाळा संपता संपता दुसरी लाट आली, आणि मध्य प्रांत-वऱ्हाडाला ती देशात सर्वाधिक झोंबणाऱ्या प्रांतांपैकी एक ठरली. गावातल्या मृत्यूची माहिती कोतवाल-पाटलाकडून वर जायची. आता कोतवालच तापानं फणफणलेला, पाटलाच्या घरातही दोन माणसं अंथरुणावर, तर नोंद कोण करणार? म्हणून ज्या महिन्यांत सर्वांत जास्त माणसं गेली, नेमक्या त्याच महिन्यांची नोंदवही सर्वांत कमी भरवशाची आहे. कोऱ्या पानाचा अर्थ ‘त्या आठवड्यात कुणी गेलं नाही’ असा घेतला तर आपण मेलेल्या माणसांना दुसऱ्यांदा पुसून टाकतो.

मग हिशेब लागला कसा? दुसऱ्या कामासाठी केलेली दुसरी यादी शेजारी ठेवून. ती यादी म्हणजे जनगणना. वऱ्हाडाची लोकसंख्या 1901 मध्ये सुमारे साडेसत्तावीस लाख होती, 1911 मध्ये साडेतीस लाखांवर गेली. दहा वर्षांत तीन लाखांची वाढ. आणि 1921 मध्ये? जवळपास तिथंच, जेमतेम पंधरा-वीस हजारांची भर. सगळा फरक साथीचा म्हणता येणार नाही. 1918 ला पाऊसही दगा देऊन गेला होता, लोक स्थलांतरही करतात. पण जी वाढ व्हायला हवी होती ती कुठं गेली, हा प्रश्न नोंदवहीनं नव्हे, जनगणनेनं विचारला. देशपातळीवर हेच झालं. 1921 च्या जनगणनेनं या साथीतले मृत्यू 1.2 ते 1.3 कोटी धरले. पुढं 1951 मध्ये किंग्जली डेव्हिस यांनी जनगणनांचे आकडे पुन्हा ताडले आणि अंदाज दोन कोटींच्या जवळ नेला.

आता आजकडे येऊ. चौथं कारण म्हणजे नक्कल करताना झालेली गळती. हाती लिहिलेला सातबारा आठवा. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली की जुनं नाव खोडत नसत. त्याला कंस करत, नवं नाव लिहीत आणि शेजारी फेरफार क्रमांक टाकत. त्यामुळं शंभर वर्षांनंतरही विचारता येतं, हे नाव कधी आलं, कशावरून आलं. सातबारा संगणकात भरताना कुठं नाव सुटलं, कुठं क्षेत्राचा आकडा चुकला, कुठं पोटहिस्स्यांची बेरीज आकारबंदाशी जुळेना. म्हणून 2017 मध्ये चावडी वाचन झालं, गावात उताऱ्याचं जाहीर वाचन. एडिट आणि री-एडिट मॉड्यूलमधून दुरुस्त्या झाल्या. लेखनातली चूक सुधारायला जमीन महसूल संहितेत कलम 155 आहेच.

पण काही माणसं वाचनातही सापडत नाहीत, कारण ती मूळ कागदातच नव्हती. वारस म्हणून ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ भावाचं एकट्याचं नाव लागलं, बहिणी राहिल्या. संगणकाची प्रत हस्तलिखिताशी शंभर टक्के जुळेल, तरी नोंद अपुरीच. दोन प्रती जुळल्या की आपण खूश होतो. पण दुसरी प्रत पहिलीवरूनच उतरवलेली असेल तर ती साक्ष देत नाही, फक्त री ओढते.

म्हणून घरचे कागद शोधताना आम्ही चार प्रश्न क्रमानं विचारतो. बाड बरोबर गावाचं आणि बरोबर वर्षाचं आहे का? त्या वहीत ही माहिती लिहायला जागा होती का? लिहिणारा त्या वेळी लिहू शकत होता का? आणि हातात मूळ कागद आहे की नक्कल? या चौघांची उत्तरं मिळाल्यावरच ‘नोंद नाही’ म्हणावं. दुरुस्ती केली तर जुनी चूक कंसात राहू द्यावी, तारीख आणि कारण शेजारी लिहावं.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी ट्रंकेत जुने कागद असतील : शाळा सोडल्याचा दाखला, पावती, लग्नपत्रिका. ते सरकारी नाहीत म्हणून टाकू नका. सरकारी वहीतलं पान जिथं कोरं आहे, तिथं कदाचित हाच दुसरा कागद बोलेल. आणि उद्या त्यावर पेन्सिलीनं का होईना, एवढं लिहून ठेवा : नांदगाव पेठ, तालुका अमरावती.